पोलंडचा मारिउश शुदेक कोण, आणि पेअर स्केटिंगचा (मुलगा-मुलीच्या जोडीने बर्फावर करायच्या फिगर स्केटिंगचा) खेळाडू प्रशिक्षक झाला की तो नेमकं वेगळं काय शिकवतो?

आधी कारकीर्द. मारिउश शुदेकचा जन्म १९७२चा, दक्षिण पोलंडमधल्या ओश्फियेंचिमचा. (आउश्वित्झ हे याच गावाचं जर्मन नाव. पण पोलंडमध्ये ते आइस हॉकी आणि स्केटिंगसाठीही ओळखलं जातं.) जोडीदार दोरोता झागुर्स्का. दोघांनी लग्नही केलं, म्हणून नंतरच्या निकालांत ती दोरोता शुदेक या नावाने सापडेल. १९९९ला हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत त्यांना कांस्य मिळालं. पेअर प्रकारात पोलंडला मिळालेलं हे एकमेव जागतिक पदक. युरोपियन स्पर्धेत चार पदकं, आणि १९९८, २००२, २००६ अशी तीन ऑलिंपिक.

माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं यश मात्र २००७चं वॉर्सॉमधलं युरोपियन कांस्य. तेव्हा मारिउश ३४ वर्षांचा होता आणि गुणांची पद्धतच बदललेली होती. हेलसिंकीत ६.० हा सर्वोच्च गुण असलेली जुनी पद्धत होती. २००२च्या ऑलिंपिकमध्ये पेअरच्या निकालावरूनच वाद पेटला आणि ती पद्धत गेली. नव्या पद्धतीत प्रत्येक लिफ्टला (मुलीला डोक्यावर उचलणं), ट्विस्टला (तिला वर फेकून झेलणं), स्पिनला (जागीच गिरकी) अवघडपणाची वेगळी पातळी आणि वेगळे गुण. दोन्ही पद्धतींत पदक मिळवलेला माणूस शिकवायला उभा राहतो तेव्हा कशाला गुण मिळतात आणि कशाला फक्त टाळ्या, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. निवृत्तीनंतर दोघंही प्रशिक्षक झाले. योआन्ना सुलेय आणि मातेउश ख्रुश्चिन्स्की या पोलिश जोडीला त्यांनी शिकवलं.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. एकेरीचा चांगला प्रशिक्षक उड्या शिकवू शकतो. दोन शरीरांमधला वेळ मात्र त्याला सहसा शिकवता येत नाही.

थ्रो जंप घ्या. बघणाऱ्याला वाटतं मुलगा मुलीला फेकतो. खरं तर उडी तीच मारते, तो त्यात अंतर आणि उंची घालतो. ती ‘आता फेकेल’ म्हणून थांबून राहिली तर फिरकी उशिरा सुरू होते आणि उतरताना ती अर्धा फेरा कमी पडते. त्याने हात उशिरा सोडला तर तिचा अक्ष तिरपा होतो आणि ती थेट कंबरेवर आपटते. म्हणून सुरुवातीला पोल हार्नेस वापरतात: प्रशिक्षक शेजारून स्केटिंग करत लांब दांडा धरतो, त्याच्या दोरीला मुलीचा पट्टा अडकवलेला असतो. कंबरेला पॅड असतातच.

लिफ्ट आधी जमिनीवर, मॅटवर आणि सांभाळायला तिसरा माणूस घेऊन. मुलं खांद्याने उचलायला जातात, तिथेच चुकतं. जोर गुडघ्यांतून यायला हवा. मुलीने कोपर ढिलं सोडलं की तिचं वजन पुढे सरकतं, तो तोल सावरायला वाकतो, आणि बर्फावर असाल तर त्याचं टो-पिक (ब्लेडच्या पुढच्या टोकाचे दाते) अडकतं. नियमाने त्याला लिफ्टमध्ये जास्तीत जास्त साडेतीन फेरेच घेता येतात, त्यामुळे पकड आणि स्थिती बदलायला वेळ फार थोडा. आणि पहिला धडा हाच असायला हवा: पडताना मुलाने तिला सोडायचं नाही, आपलं अंग तिच्याखाली घालायचं.

ट्विस्टमध्ये तिला वर फेकून, ती फिरून खाली येताना कंबरेच्या दोन्ही बाजूंनी झेलायचं. ती त्याच्या छातीवर किंवा खांद्यावर आदळली की पातळी घसरते. बहुतेक वेळा कारण झेलण्यात नसतं. तिची फिरकी उशिरा थांबलेली असते किंवा त्याचे हात उशिरा वर गेलेले असतात.

डेथ स्पायरलमध्ये तो एका जागी रुतून राहतो आणि ती त्याचा हात धरून, बर्फालगत आडवी होऊन त्याच्याभोवती फिरते. त्याचं टो-पिक बर्फात रुतलेलं आणि धरलेला हात पूर्ण सरळ हवा, तिचं डोकं तिच्या गुडघ्याच्या पातळीला किंवा त्याखाली. हात वाकला की वर्तुळ आक्रसतं आणि ती वर उचलली जाते.

शेजारी-शेजारी मारायच्या उड्यांत मात्र सगळा खेळ उडीच्या आधीचा. दोघांचा वेग आणि वळण सारखं नसेल तर हवेतली एकसारखी फिरकीही उपयोगाची नाही. म्हणून जोड्या मोठ्याने आकडे मोजत सराव करतात. वॉर्सॉच्या स्पर्धेचं चित्रण मिळालं तर उड्या बघू नका, उडीआधीचे चार-पाच ढकल बघा.