उत्तर झाकून सोडवू दे

पत्र : मुलगी अकरावी सायन्सला आहे. केमिस्ट्रीची सोडवलेली गणितं वाचते, व्हिडिओ बघते, सगळं कळतं म्हणते. चाचणीत मात्र मोलच्या धड्यात २५ पैकी ७. तिला फार्मसीला जायचंय. वेळेतच कॉमर्सला घालावं का? – एक आई, सातारा

ताई, एका धड्यापायी शाखा बदलू नका. तिला कळतं, हे खरंच असणार. पण दुसऱ्याने सोडवलेलं कळणं वेगळं आणि कोऱ्या पानावर पहिली ओळ सुचणं वेगळं. तिचा सराव पहिल्याचाच झालाय.

आज तिला एवढंच विचारा : १४ ग्रॅम नायट्रोजन आणि ६ ग्रॅम हायड्रोजन, अमोनिया जास्तीत जास्त किती? बरीच मुलं म्हणतात, हायड्रोजन कमी आहे, तोच आधी संपणार. त्या हिशोबाने उत्तर येतं ३४ ग्रॅम. म्हणजे २० ग्रॅम सामानातून ३४ ग्रॅम माल! इथे थांबून स्वतःशीच हसता आलं पाहिजे. ग्रॅमचे मोल केले की दिसतं (मोल म्हणजे डझनासारखी कणांची ठरावीक मोजणी; नायट्रोजनचा एक मोल २८ ग्रॅमचा, हायड्रोजनचा २ ग्रॅमचा) : नायट्रोजन अर्धा मोल, हायड्रोजन ३ मोल. एक मोल नायट्रोजनला तीन मोल हायड्रोजन लागतो, म्हणजे इथे दीड मोल पुरे. आधी संपतो तो नायट्रोजन. अमोनिया १७ ग्रॅम, उरलेला हायड्रोजन ३ ग्रॅम. बेरीज पुन्हा २०. हा ताळा क्लासमध्ये फारसा कुणी करून घेत नाही, घाई असते.

रोज पाचच गणितं, उत्तर झाकून. अडली तर दहा मिनिटं अडू द्या (तुम्हीही मध्ये बोलू नका). मग उत्तरातली एकच ओळ बघायची आणि पुन्हा झाकायचं. चुकलेल्याची वेगळी वही : समीकरण संतुलित नव्हतं, नायट्रोजनचे २८ ऐवजी १४ धरले, की मिलिलिटरचे लिटर करायचे राहिले? चार दिवसांनी तेच गणित नव्या पानावर.

सीईटीत अकरावीचा वाटा साधारण २० टक्केच, पण बारावीतली द्रावणं आणि विद्युतरसायन मोलवरच उभी आहेत. फार्मसीत तर द्रावण किती पातळ करायचं हा हिशोब कायमच करावा लागतो. त्यामुळे धडा टाळून चालणार नाही, आणि तो जमणारा आहे.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत करून बघा. मग त्या वहीची दोन पानं मला पाठवा. चुकलेलीच.