आधी सांग, मग अंगठा

लेकरा,

परवा तू आलास, अर्धा चहा तसाच ठेवलास, आणि जे विचारायला आला होतास ते गाडीला किक मारता मारता विचारलंस. "काका, पण लोकांचं त्यात जातंय काय? उलट फुकटात खातं उघडून मिळतंय." चौकात चार माणसं उभी होती म्हणून मी गप्प बसलो. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणून लिहितोय. लांबण लागलं तरी शेवटपर्यंत वाच.

तुझ्या सेवा केंद्रावर शहरातून येणारा तो माणूस तुला सांगतो की गावातल्या लोकांचा अंगठा घे, बिनशिलकीचं खातं उघड, त्याला नवं सिम जोड, आणि पासबुक, एटीएम, सिम असा सगळा संच माझ्या हातात दे. संचामागे २,००० रुपये. "चारच दिलेत अजून," असं तू म्हणालास. तो 'च' मला लागलाय.

तुझ्या घरचं वळण मला माहीत आहे, त्यामुळे चोरी वाईट वगैरे सांगत बसत नाही. घोळ दुसराच आहे. ज्याचा खिसा हलका झाला नाही त्याचं काही गेलं नाही, असं तुला वाटतंय. हा घोळ माझ्याही डोक्यात दहा वर्षं होता. लोकांचे फॉर्म भरायचं आणि आधारच्या अंगठ्यावर पैसे काढून द्यायचं सेंटर टाकलं तेव्हा तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा होतो मी, आणि लोकांची कामं होतायत एवढ्यावरच खूश होतो. या धंद्यात मी एकच गोष्ट शिकलो, तीही उशिरा शिकलो. आधी सांग, मग अंगठा. कशासाठी घेतोय, किती पैसे निघणार, कागद कुठे जाणार, हे समोरच्याच्या बोलीत सांगायचं. तो हो म्हणाला की मगच मशीन पुढे सरकवायचं.

माझा आजा निजामाच्या राज्यातला. कागद उर्दूत. सावकाराचा कारकून वाचून दाखवायचा आणि आजा अंगठा द्यायचा. वाचलं एक आणि लिहिलेलं निघालं दुसरंच. नदीकाठची साडेतीन एकर काळी गेली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, जमीन काही परत आली नाही. २०२३ मध्ये निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला लागले तेव्हा मोडी-उर्दू वाचणाऱ्यांच्या दारात लोक फिरत होते, तुला आठवत असेल. मला तेव्हा सारखा आजा आठवायचा. नाव आपलं, जमीन आपली, आणि कागदात काय आहे ते दुसऱ्यानं सांगायचं.

आता कागदाच्या जागी स्क्रीन आली. ती इंग्रजीत आहे आणि तिचं तोंड तुझ्याकडे आहे. अंगठा देणारा अजून टेबलाच्या पलीकडेच उभा आहे. कारकुनाच्या खुर्चीत कोण बसलंय ते तूच बघ.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. लोकांचं काय जातं?

पहिलं, त्यांचा हप्ता जातो. तू या धंद्यात आहेस, तुला हे माहीत असायला पाहिजे होतं म्हणून राग येतोय. पीएम किसानचे २,००० असोत की लाडक्या बहिणीचे १,५००, आधारवर पाठवलेले पैसे जुन्या-नव्या सगळ्या खात्यांत वाटून पडत नाहीत. आधार ज्या खात्याला शेवटी जोडलं गेलं, त्यातच पडतात. नवं खातं उघडताना 'सरकारी अनुदान या खात्यात घ्या' या चौकोनात टिक लागली की झालं. बाई जुनं पासबुक घेऊन बँकेत खेटे घालते, बँकवाले म्हणतात इथे काही आलं नाही. पैसे पडलेत, पण ज्या खात्यात पडलेत त्याचं एटीएम त्या माणसाच्या बॅगेत आहे. हे मी मनानं सांगत नाही. २०१७ साली एका मोबाइल कंपनीनं नंबरच्या पडताळणीसाठी म्हणून लोकांची बोटं घेतली आणि त्याच बोटांवर खाती उघडली गेली. लाखो घरांची गॅसची सबसिडी त्या खात्यांत जाऊन पडली, आणि लोकांना पत्ताच नव्हता. शेवटी आधार प्राधिकरणाला त्या कंपनीची केवायसी थांबवावी लागली. तिथेही कुणाच्या खिशात हात घातला नव्हता. फक्त सांगितलं नव्हतं.

दुसरं तुला ऐकून तरी माहीत असेल. कुणा निवृत्त मास्तरला 'डिजिटल अटक' म्हणून व्हिडिओ कॉलवर धमकावून लुटतात, कुणाच्या मोबाइलवर लग्नपत्रिकेच्या नावाची एपीके फाइल, म्हणजे चोरटं ॲप, पाठवून खातं साफ करतात. ते पैसे चोर स्वतःच्या खात्यात घेत नाही. ते आपल्या गावातल्या कुणा सखूबाईच्या, कुणा तुकारामाच्या नावच्या खात्यात येतात आणि तासाभरात पुढे जातात. पोलीस पैशाच्या मागावर येतात तेव्हा त्यांना खातेदार म्हणून तिचं नाव दिसतं आणि खातं उघडणारा म्हणून तुझा आयडी. दुसऱ्याची ओळख वापरली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क कलमाखाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. फसवून सिम काढलं तर २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. पण कायद्याची भीती घालून तुला वळवायचं नाही मला. भीतीनं वळलेला माणूस पकडलं जाणार नाही अशी खात्री पटली की परत फिरतो.

माझं सांगतो.

साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ऊसतोडीच्या टोळ्या गावात परततात आणि आपल्याकडे रांग लागते. पाच-सहा महिने ऊस सोलून, मोळ्या बांधून बायकांच्या बोटांवरच्या रेघा पुसलेल्या असतात. एक मावशी यायच्या. अंगठा ठेवायच्या, मशीनचा लाल उजेड बोटाखाली लागायचा, आणि मशीन नाही म्हणायचं. मग त्या बोट पदराला घासायच्या आणि परत ठेवायच्या. मग तेच बोट भांगातून फिरवायच्या, तेलाचा जरा ओलावा लागावा म्हणून. मग तर्जनी, मग डावा अंगठा. दर वेळी बोट ठेवून माझ्या तोंडाकडे बघायच्या, "आलं का रे बाबा?" त्या पाच-सहा वेळांत एकदा शिल्लक बघितली जाते, एकदा पैसे निघतात, आणि एखाद्या वेळी आणखी काय होतं ते फक्त खुर्चीतल्या माणसाला माहीत. एका दाबात १०,००० रुपयांपर्यंत निघू शकतात, आणि तो आकडा टाकणारं बोट तिचं नसतं.

माझ्या दुकानात तेव्हा एक पोरगा कामाला होता. त्यानं या मावशींना तीन वेळा "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" म्हणून परत पाठवलं, आणि तिन्ही वेळा २,००० काढून घेतले. महिन्याअखेरीला कमिशनचा हिशोब जुळवताना मला ते दिसलं. मी खिशातून ६,००० भरले आणि मावशींना सांगितलं, "बँकेची चूक झाली होती, परत आले बघा." त्यांनी दुवा दिला मला. पोराला काढून टाकलं, पण पोलिसांत दिलं नाही. त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, बाप अंथरुणाला खिळलेला होता. माझ्या जागी तू काय केलं असतंस? पैसे तर पुरे भरले होते मी, रुपया कमी नाही. आणि हे बाहेर पडलं असतं तर सेंटर बंद झालं असतं आणि गावाला पैशासाठी २२ किलोमीटर तालुक्याला जावं लागलं असतं. असं मी स्वतःला किती वर्षं समजावतोय. पण त्या बाईला तिच्या अंगठ्याचं काय झालं हे कळलंच नाही. पुढेही ती कुठल्याही दुकानात तितक्याच भरवशानं पाच-सहा वेळा बोट ठेवत राहिली असेल. आता त्या लेकाकडे पुण्याला असतात. सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

आणखी एक. माझ्याकडे दोनशे पानी रजिस्टर होतं. त्यात गावातल्या लोकांचे लॉगिन आणि पासवर्ड. ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता त्यांच्या फॉर्मवर मी माझाच नंबर टाकायचो, म्हणजे ओटीपी माझ्याकडे यायचा आणि काम झटपट व्हायचं. सत्तरेक लोक असतील. सगळ्यांचं भलं करतोय असंच वाटायचं. मग तो नंबर रिचार्जअभावी बंद पडला आणि कंपनीनं तो दुसऱ्या कुणाला देऊन टाकला. एका पोरीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म अडला, पासवर्ड बदलायचा तर ओटीपी कुणा परक्याच्या मोबाइलवर जायचा. शेवटची तारीख निघून गेली. तिच्या बापानं मला एक शब्द विचारला नाही, कारण नंबर माझा होता हेच त्याला ठाऊक नव्हतं. ते रजिस्टर मी पाणी तापवायच्या बंबात घातलं. तू तसलं काही ठेवत असशील तर आजच घाल. आणि एखाद्याकडे मोबाइल नसेल तर त्याच्या लेकीचा नंबर टाक, पुतण्याचा टाक, आणि कुणाचा टाकला ते त्याला एका चिठ्ठीवर लिहून दे. आधी सांग!

तू म्हणशील, काका, दिवसाला ऐंशी गिऱ्हाईक, प्रत्येकाला सांगत बसलो तर समोरचा दुकानदार घेऊन जाईल. जाईल. माझीही गेली. खरीप २०२३ ला १ रुपयात पीक विमा आला. शेतकऱ्याला १ रुपया आणि आपल्याला अर्जामागे ४० रुपये कंपनीकडून. त्या हंगामात माझ्याकडेही एक जण सातबाऱ्यांची यादी घेऊन आला होता. गायरान, देवस्थानच्या जमिनी, बाहेरगावी गेलेल्यांची रानं. "नुसतं टाइप करा, अंगठ्याचीसुद्धा गरज नाही," म्हणाला. मी नाही म्हटलं. त्या वर्षी काही जणांनी दुकानाला एसी बसवला आणि मी इन्व्हर्टरची बॅटरीसुद्धा बदलू शकलो नाही. याला धंदा कळत नाही असं लोक म्हणाले, बायकोही म्हणाली. पुढे बोगस अर्ज उघड झाले, आयडी बंद झाले, नोटिसा आल्या, आणि २०२५ च्या खरिपात ती १ रुपयाची योजनाच गेली. ज्यांनी खरा विमा भरला होता त्यांच्याही अर्जांकडे संशयानं बघितलं गेलं, त्याचं मला जास्त वाईट वाटतं. मी बरोबर होतो असं मिरवायला हे सांगत नाही. मिरवायला सांगतोय असं वाटलं तर वाटू दे, त्या एका हंगामाचा मला अभिमान आहे.

आता तुझ्या टेबलाचं बघ. स्क्रीन फिरती ठेव आणि पैसे काढताना आकडा गिऱ्हाइकाला दाखव. वाचता येत नसेल तर मोठ्यानं बोल, "माय, दोन हजार काढतोय." पावती हातात दे. मशीननं बोट नाकारलं तर नाकारलं असं स्पष्ट सांग. साबणानं हात धुऊन यायला सांग, घाईनं पुन्हा पुन्हा दाबून घेऊ नको. लोकांच्या आधारचे फोटो तुझ्या व्हॉट्सॲपवर आणि संगणकाच्या डाउनलोडमध्ये पडलेले असतात. दुकान बंद करताना ते रोज पुसायचे, रिसायकल बिनसुद्धा रिकामं करायचं. चालत असेल तिथे शेवटचे ४ आकडेच दिसणारं आधार काढून दे. ज्या म्हाताऱ्यांना महिन्यातून एकदाच अंगठा लागतो, त्यांना आधारचं बायोमेट्रिक लॉक, म्हणजे अंगठ्याचं कुलूप, दाखव, पैसे काढायच्या वेळी उघडायचं आणि परत लावायचं. घरात कुणाला मोबाइल कळत असेल त्यांनाच दाखव, नाहीतर तेच अडकून बसतील. दुकानाच्या दारावर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर मोठ्या अक्षरात लिही. पैसे गेल्या गेल्या त्यावर फोन केला तर वाटेत अडवता येतात, दोन दिवसांनी केला तर रडण्यापलीकडे फार काही उरत नाही. आणि स्वतःचा आयडी कुणाला 'एक दिवसासाठी' देऊ नको. सख्ख्या भावालासुद्धा नाही.

बोटं बदलता येत नाहीत रे. पासवर्ड गेला तर नवा टाकता येतो. २०१८ मध्ये शेजारच्या तेलंगणात एका सिमवाल्यानं जमीन नोंदणीच्या कागदांवरचे अंगठे उचलले, त्यांचे रबरी ठसे बनवले आणि त्यावर सिमकार्डं चालू केली. देगलूरच्या पलीकडचा मुलूख तो, फार लांबचा नाही. त्याच्या टेबलासमोर तर माणूससुद्धा नव्हता, नुसता ठसा होता. तुझ्यासमोर माणूस उभा असतो, तुला काका-मामा म्हणतो, लग्नाला बोलावतो, आणि तरी तू त्याला सांगत नाहीस? ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरत नाही. चिडून लिहिलं गेलं. राहू दे तसंच.

तुझ्यावर हप्ते आहेत, मशीनचं कर्ज आहे, घरी आईचं औषध आहे, हे मी विसरलो नाही. दिवाळीपर्यंत दुकानाचं भाडं मी बघतो. हिशोब आपण नंतर करू.

पण ती चार घरं राहिलीत. त्या माणसाला आज रात्रीच फोन करून नाही म्हण, आणि त्याचे मेसेज पुसू नको, पोलिसांना दाखवायला लागतील. उद्या सकाळी त्या चौघांकडे जायचं. ओसरीवर बसून सांगायचं की तुमच्या नावानं मी खातं उघडलं, सिम काढलं आणि पैसे घेऊन दुसऱ्याला दिलं. मग त्यांना सोबत घेऊन खातं बंद करायचा अर्ज, हप्ता कुठल्या खात्याला जोडलाय त्याची तपासणी, सिम बंद, आणि सायबर पोलिसांकडे तक्रार. एखादा शिव्या देईल. ऐकून घ्यायच्या. मी बोलणार नाही मधे, पण सोबत येतो. गाडीत पेट्रोल टाकून ठेव, साडेसातला चौकात उभा राहतो. उन्हाच्या आत निघालो नाही तर लोक रानात जातील.

तुझा,
काका