असिस्टंटनं स्केलिंग करावं का?

प्रश्न : ताई, मी परभणीला दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे, बारावी सायन्स झालंय. डॉक्टर म्हणायलेत की गर्दी लई वाढली, आता स्केलिंग तूच करत जा, मी शिकवतो. करू का?

उत्तर : नको गं बाई. सक्शन म्हणजे तोंडातली लाळ-पाणी ओढायची नळी धरणं, फिलिंगचं मटेरियल कालवून देणं, अवजारं धुऊन ऑटोक्लेव्हला म्हणजे वाफेनं जंतू मारायच्या यंत्रात लावणं, घाबरलेल्या लेकराला खुर्चीत बसवणं ही तुझी कामं. पण स्केलिंग म्हणजे दातावरचं कीटण खरवडणं, आणि पॉलिश करणं हे १९४८ च्या दंतवैद्य कायद्यात डेंटल हायजिनिस्टचं काम म्हणून लिहिलंय आणि त्यासाठी राज्याच्या दंत परिषदेच्या रजिस्टरात नाव लागतं, नुसतं डॉक्टरनं शिकवलं म्हणून भागत नाही. स्केलरचं टोक चुकीच्या कोनात धरलं की हिरडी फाटते, मग पेशंट तुलाच धरणार!

आवड असंल तर हायजिनिस्टचा दोन वर्षांचा कोर्स कर, फक्त कॉलेजला मान्यता आहे का ते फी भरायच्या आधी परिषदेत विचार, कारण नुसते सर्टिफिकेट वाटणारे क्लासही निघालेत. आणि हायजिनिस्ट झालीस तरी दात काढणं, रूट कॅनल डॉक्टरचंच. २०२३ ला राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदाही झालाय, तेव्हा चौकशी ताज्या नियमांचीच कर.