वाचकांचे प्रश्न : ध्रुवीय प्रकाशाची छायाचित्रे

प्रश्न : मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका गावात शिक्षक असून नवेगावबांध परिसरात पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याचा मला छंद आहे. मुलगी स्वीडनमधील लुलेओ येथे शिकते. फेब्रुवारीत तिच्या मोटारीने किरुना व अबिस्कोपर्यंत जाऊन ध्रुवीय प्रकाश टिपावा, असा बेत आहे. माझ्या जुन्या डीएसएलआरवर आणि त्यासोबत आलेल्या १८-५५ लेन्सवर भागेल, की नवी लेन्स घ्यावी?

उत्तर : भागेल. लेन्सवर खर्च करण्यापेक्षा भक्कम ट्रायपॉड आणि दोन जादा बॅटऱ्या घ्याव्यात. लेन्स १८ वर ठेवून छिद्र एफ ३.५, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० आणि उघडझाप १० सेकंद येथून सुरुवात करावी. प्रकाशाचे पट्टे वेगाने हलू लागले की वेळ ३-४ सेकंदांवर आणावी, अन्यथा पडद्यासारख्या घड्या पुसल्या जाऊन नुसता हिरवा धूसर डाग उरतो. छायाचित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपातच घ्यावीत. लेन्सवरील संरक्षक फिल्टर मात्र आठवणीने काढावा. हा हिरवा प्रकाश सुमारे १०० ते १५० किलोमीटर उंचीवरील ऑक्सिजनचा असतो व त्याची तरंगलांबी जवळजवळ एकच, ५५७.७ नॅनोमीटर, असल्यामुळे फिल्टरच्या सपाट काचेतील परावर्तनांमुळे चित्राच्या मध्यभागी वर्तुळाकार कडी उमटतात. ती नंतर संगणकावर काढणे फार जिकिरीचे होते.

फोकस हाताने करावा लागेल. त्याचा सराव गावीच, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत, अमावास्येच्या आसपास आणि जाड हातमोजे घालून करावा. पडद्यावरील चित्र दहापट मोठे करून तारा बारीकात बारीक ठिपका होईपर्यंत रिंग फिरवावी आणि मग ती चिकटपट्टीने पक्की करावी. आपल्याकडे यासाठी व्याध सोयीचा आहे; अबिस्कोला तो क्षितिजालगतच राहतो, म्हणून तेथे ब्रह्महृदय निवडावा.

तेथे पारा उणे २० अंशांपर्यंत उतरणे नवलाचे नाही. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, तेव्हा जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्यात. गार कॅमेरा उबदार खोलीत उघडा नेल्यास त्यावर दव धरते. तो बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी सोडू नये. कार्ड आधीच काढून घ्यावे, नाहीतर चित्रे पाहण्याच्या उत्सुकतेत पिशवी उघडलीच जाते!

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळ ० ते ९ मध्ये मोजणाऱ्या केपी निर्देशांकाचे आकडे पाहून मात्र फार हुरळून जाऊ नये. अबिस्को ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याखालीच असल्याने तेथे २ किंवा ३ सुद्धा पुरतो. खरा अडसर ढगांचा असतो. अबिस्को पश्चिमेकडील डोंगरांच्या पर्जन्यछायेत येत असल्यामुळे किरुन्यात आभाळ भरलेले असतानाही तेथे निरभ्र असू शकते. मोटार हाताशी असण्याचा खरा लाभ हाच. मात्र ई-१० रस्त्याच्या कडेला गाडी उभी करू नये. वाहनतळावर थांबून हेडलाइट बंद करावेत. वाटेत खांबाला काळी प्लास्टिकची पिशवी बांधलेली दिसली तर वेग कमी करण्यास मुलीला सांगावे, कारण जवळपास रेनडिअर असल्याची ती स्थानिक खूण आहे.

प्रश्न : मे २०२४ मध्ये लडाखमध्ये ध्रुवीय प्रकाश दिसला होता. मग लोणारहून तो कधी टिपता येईल का? (मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : त्याची आशा धरू नये. त्या तीव्र सौरवादळातही लडाखमधील हानले येथील कॅमेऱ्यांना क्षितिजाजवळची लाल आभाच मिळाली. दुरून पाहताना हिरवा थर क्षितिजाखाली दडतो आणि २०० किलोमीटरहून उंच असलेला लाल भागच तेवढा डोकावतो. लोणार तर हानलेच्याही सुमारे १३ अंश दक्षिणेला आहे.