कुलमुखत्यारपत्र आहे, पण आईला आता काही उमगत नाही

प्रश्न : माझी आई 79 वर्षांची आहे. वडील गेल्यापासून ती ठाण्यातल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहते. 2021 मध्ये तिने माझ्या भावाच्या नावे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून दिलं. 2023 मध्ये अल्झायमरचं निदान झालं आणि आता ती आम्हाला ओळखतही नाही. दिवसाची एक आणि रात्रीची एक अशा दोन आया आहेत, पेन्शनमध्ये त्यांचा पगार भागत नाही. भाऊ आईची एफडी मोडायला गेला तर बँकेने कोर्टाची ऑर्डर मागितली. आता तो म्हणतो, फ्लॅटच विकू, कागद माझ्याकडे आहे. तोवर रात्रीची आया बंद करून बाहेरून कुलूप लावू, असंही त्याचं म्हणणं. मी नाशिकला असते. त्याला कसं अडवू?

उत्तर : ताई, अडवायचं नंतर पाहू. आधी भावाच्या हातातल्या कागदाची आज किंमत काय, ते सांगतो.

भारतीय करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मनाने असमर्थ झाली की तिने दिलेला अधिकार तिथेच संपतो. कागद नोंदणीकृत असला, रद्द केलेला नसला, त्यात ‘कायमस्वरूपी’ असं लिहिलं असलं, तरी फरक पडत नाही. काही देशांत आजारपणानंतरही चालू राहणारं मुखत्यारपत्र करता येतं; आपल्याकडे ती सोय नाही. गंमत अशी की लोक हा कागद करतात तो नेमका याच दिवसासाठी, आणि याच दिवशी तो कुचकामी ठरतो. मात्र निदान झालं त्याच दिवशी अधिकार संपला असंही समजू नका. सुरुवातीच्या काळात आईला व्यवहार कळत असेल, तर तेव्हा भावाने केलेले व्यवहार सहसा टिकतात. कलम 12 तर सांगतं की एरवी भान नसलेली व्यक्तीसुद्धा भानावर असताना करार करू शकते. तुमच्या पत्रावरून ती वेळ आता निघून गेलेली दिसते.

म्हणजे बँक मॅनेजर त्रासदायक वाटला तरी बरोबर आहे. एक गोष्ट बजावून सांगतो, कारण घरोघरी हे चालतं : आईचा हात धरून फॉर्मवर अंगठा उमटवू नका. आजारी खातेदारासाठी अंगठ्याची सोय रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. पण ती शरीर थकलेल्यासाठी आहे. आपण कशावर अंगठा देतोय हे ज्याला कळत नाही, त्याचा अंगठा घेणं म्हणजे उद्या फसवणुकीच्या तक्रारीला आमंत्रण. एफडीवर भाऊ नॉमिनी असेल तरी उपयोग नाही. नॉमिनीचा प्रश्न आई गेल्यानंतरचा. खातं मात्र जॉइंट असेल आणि ‘दोघांपैकी कुणीही’ अशी सूचना असेल तर लगेच कळवा, वाट बरीच सोपी होईल. आणि नोव्हेंबरातला हयातीचा दाखला चुकवू नका. सत्तरीपुढच्या खातेदारांना बँकेने घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेचं 2017 पासून सांगणं आहे. आईला रांगेत नेऊ नका, शाखेला लेखी अर्ज द्या.

आता कोर्ट. पूर्वी 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी पालक नेमायची तरतूद होती. 2017 चा नवा कायदा आला आणि ती गेली. त्यात ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ आहे, पण तो उपचारांपुरता, एफडीपुरता नाही. 1999 चा नॅशनल ट्रस्ट कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी अशा ठरावीक अवस्थांसाठी आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 14 मध्ये मर्यादित पालकत्व आहे खरं, पण ते संबंधित व्यक्तीशी मिळून निर्णय घेण्यावर उभं आहे, आणि तुमची आई आज निर्णयात भाग घेऊ शकत नाही. म्हणून उरतो तो उच्च न्यायालयाचा रस्ता : राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली याचिका करून आईचा पालक नेमून घ्यायचा. मुंबई उच्च न्यायालयाने डिमेन्शियाच्या आणि कोमातल्या रुग्णांसाठी असे आदेश दिलेले आहेत. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये कोमातल्या रुग्णांबाबत जी चौकट घालून दिली, तिचाही आधार घेतला जातो : डॉक्टरांच्या मंडळाकडून तपासणी, सगळ्या वारसांना पक्षकार करणं, मालमत्तेची पूर्ण यादी, आणि पालकाने ठरावीक काळाने हिशेब देणं.

माझा सल्ला सरळ आहे. भावाविरुद्ध नको, भावासोबत याचिका करा. वारसांची संमती असेल तर काम लवकर उरकतं. एकाने हरकत घेतली की वर्ष कुठे जातं कळत नाही आणि आयांचा पगार काही थांबत नाही. तुम्ही दोघं संयुक्त पालक म्हणून अर्ज करू शकता. याचिकेतच अंतरिम आदेश मागा की दरमहा अमुक रक्कम शुश्रूषेसाठी काढू द्यावी. त्यासाठी आयांच्या ब्युरोच्या पावत्या, औषधांची बिलं, डायपरचा खर्च, न्यूरॉलॉजिस्टचे 2023 पासूनचे कागद तारखेवार लावून ठेवा. वकिलाकडे पिशवीभर चुरगळलेली बिलं आणणारे भेटतात. त्यांची तारीख ती बिलं सरळ करण्यातच जाते.

भावाला हेही ऐकवा : जुन्या मुखत्यारपत्रावर फ्लॅट विकला तर ते खरेदीखत कोर्टात टिकणं अवघड आहे. घेणाऱ्याचा वकील आई कुठे आहे हे विचारणारच. न विचारणारा गिऱ्हाईक भेटला तर तो भाव पाडून मागणार. पुढेमागे विकणं खरंच गरजेचं झालं, तर नेमलेला पालक कोर्टाची परवानगी घेऊन विकू शकतो. तरीही तो ऐकत नसेल, तर सोसायटीला आणि दुय्यम निबंधक कार्यालयाला निदानाच्या कागदांसह लेखी हरकत द्या. त्याने व्यवहार आपोआप थांबत नाही, पण गिऱ्हाईक सावध होतं. खरी मनाई कोर्टच करू शकतं.

कुलपाबद्दल मात्र तडजोड नाही. भान नसलेल्या म्हातारीला रात्रभर एकटीला बाहेरून कोंडणं हे संरक्षण नव्हे. आग लागली तर ती दारापाशीच अडकेल, आणि कुणालाही बेकायदा कोंडून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे. आईला वाऱ्यावर सोडणं हा 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 24 खाली वेगळा गुन्हा : तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रात्रीची आया राहू द्या. दाराला वरच्या अंगाला आतून दुसरी कडी बसवा, आईच्या नजरेच्या टप्प्याबाहेर. रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद करायचं काम आयेच्या यादीत लिहून ठेवा.

राहिला पैशांचा प्रश्न, आणि इथे तुम्हालाही ऐकावं लागेल. 2007 च्या कायद्यात ‘अपत्य’ म्हणजे मुलगाच नव्हे. नाशिकला राहणारी मुलगीही. आईचं स्वतःचं उत्पन्न अपुरं पडेल तितका भार दोघांवर येतो. निर्वाहाचं प्रकरण प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यापुढे चालतं. आई कुणाला अधिकार देऊ शकत नसली तरी ते न्यायाधिकरण स्वतःहून दखल घेऊ शकतं, तुम्ही अर्ज देऊन लक्षात आणून द्यायचं. पण माझं विचाराल तर कोर्टाची अंतरिम ऑर्डर हातात येईपर्यंत रात्रीच्या आयेचा पगार तुम्ही द्यायचं भावाला कळवा, बँक खात्यातूनच द्या, आणि याचिकेवर सही करायला त्याला बोलवा.