रत्नागिरी-कोल्हापूर भाडं, वाटेत चांदोली आणि लेकीची ठेव

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पत्रासोबत वहीच्या पानांचे फोटो पाठवलेत, त्याबद्दल आधी मनापासून धन्यवाद. वर्षभराचं प्रत्येक भाडं, परत येताना गाडी रिकामी आली की भरून, कुठल्या तारखेला कुणाला नाही म्हणावं लागलं, हे सगळं तुम्ही पेनाने लिहून ठेवलंय. माझ्याकडे दुकानदार येतात, त्यांच्याकडेही इतका नीट हिशेब नसतो. त्या वहीमुळेच मला ठाम उत्तर देता येतंय.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. यजमान रत्नागिरीत स्वतःची एर्टिगा भाड्याने चालवतात. तिचं कर्ज फिटलंय. कोल्हापूरला सोडायची भाडी बऱ्यापैकी मिळतात. आता त्यांच्या मनात आहे की कोल्हापूरला जाणाऱ्या पाहुण्यांना वाटेत चांदोली राष्ट्रीय उद्यान दाखवायचं, सोबत गावातला वाटाड्या द्यायचा आणि संध्याकाळी कोल्हापुरात सोडायचं. प्रवास आणि जंगल दोन्ही मिळून ९,५०० रुपये. त्यासाठी दसऱ्याला दुसरी गाडी घ्यायची. गाडी रस्त्यावर येईपर्यंत १२,२०,००० रुपये लागतील. त्यातले ३,२०,००० लेकीच्या शिक्षणाच्या ठेवीतून आणि ९ लाख कर्ज. ठेव मोडू का, असं तुम्ही विचारलंत.

मोडू नका. दुसरी गाडीही या दसऱ्याला घेऊ नका. यजमानांची कल्पना मात्र चांगली आहे. ती हातात असलेल्या गाडीवर करून बघा.

आता हिशेबाला बसू. तुम्ही लिहिलंय की ९,५०० मधून इंधनाचे २,२१० आणि उद्यानाचं प्रवेश शुल्क, आतली गाडी, वाटाड्या मिळून ३,००० गेले की ४,२९० सुटतात. महिन्याला दहा ट्रिपा म्हणजे ४२,९००. साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता १९,३४५ बसतो, तो भरून साडेतेवीस हजार हातात. कागदावर हे छान दिसतं.

पण त्या ४,२९० मधून दोन गोष्टी वजा करायच्या राहून गेल्यात. पहिली म्हणजे जेवण. पाच माणसांना गावातल्या घरी भाकरी-पिठलं, रस्सा असं जेवू घालणार म्हणून तुम्हीच लिहिलंय. माणशी २०० धरले तर हजार गेले. दुसरी म्हणजे गाडीची झीज. आंबा घाट चढून-उतरून टायर आणि ब्रेक किती लवकर खपतात हे यजमान तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. टायर, सर्व्हिसिंग आणि दुरुस्तीला किलोमीटरमागे ३ रुपये बाजूला काढायलाच हवेत. चांदोलीवरून कोल्हापूर आणि परत रत्नागिरी असा तुमचा आकडा ३४० किलोमीटर आहे, म्हणजे १,०२० रुपये. मग उरले २,२७०.

आता नेहमीचं सरळ भाडं बघा. ५,००० रुपये, जाऊन-येऊन २६५ किलोमीटर. इंधन आणि झीज मिळून २,५१७ जातात, उरतात २,४८३. ताई, या दोन आकड्यांकडे जरा थांबून बघा. पहाटे साडेचारला निघून रात्री अकराला घरी येणारा माणूस जंगल दाखवून २,२७० कमावतो. दुपारी जेवायला घरी परत येणारा तोच माणूस नुसतं सोडून २,४८३ कमावतो. पाहुण्यांकडून जवळजवळ दुप्पट पैसे घेतले म्हणून कमाई दुप्पट झाली असं आपल्याला वाटतं. मधले पैसे मात्र आपल्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातात.

त्यावर दुसऱ्या गाडीचा पक्का खर्च. यजमान एकाच वेळी दोन गाड्या चालवू शकत नाहीत, म्हणून पगारी ड्रायव्हर लागेल. महिना १५,००० धरू. विमा, परमिट, पासिंग मिळून वर्षाचे ४५,००० म्हणजे महिन्याला ३,७५०. हप्ता १९,३४५. सगळं मिळून ३८,०९५ रुपये, गाडी दारात उभी राहिली तरी. तुमच्या दराने महिन्याला दहा जंगलट्रिपा झाल्या, तरी २२,७०० येतील आणि १५,३९५ घरातून घालावे लागतील. नुसत्या सरळ भाड्यांवर ही गाडी पोसायची म्हटलं, तरी महिन्याला सोळा भाडी हवीत, आणि तीही बाराही महिने.

आणि इथे तुमची वही बोलते. गाडी मोकळी नाही म्हणून गेल्या वर्षी तुम्ही ४१ फोन परतवले. दुसऱ्या गाडीला लागणारी भाडी वर्षाला १९२. त्या ४१ मधलेही २९ फोन गणपती, दिवाळी, नाताळचा आठवडा आणि मे महिना यांतले. बाकीच्या सगळ्या वर्षात मिळून फक्त १२. म्हणजे दुसरी गाडी हवी असते ती मोजक्या दिवसांत, आणि त्या दिवसांत रत्नागिरीतल्या प्रत्येक गाडीवाल्याचा फोन वाजत असतो.

त्यात जंगल घातलं तर गणित सुधारत नाही. चांदोली पावसाळ्याचे साधारण चार महिने पर्यटकांसाठी बंद असतं. गणपतीत चाकरमानी येतात-जातात, तेव्हा उद्यानाचं फाटक बंदच. मे महिन्यात उघडं असतं, पण मेमध्ये कोल्हापूरला जाणाऱ्या कुटुंबाच्या गाडीत मागे काय असतं ते डोळ्यांपुढे आणा. दोन-तीन सूटकेस, फणसाची पिशवी आणि हापूसच्या दोन पेट्या. पाहुणे आतल्या गाडीतून गवे बघायला गेले की एर्टिगा फाटकाबाहेर उन्हात चार तास उभी. काचा बंद केल्या तर पेटीतला आंबा वाफेने मऊ पडणार, उघड्या ठेवल्या तर यजमानांना सामानाजवळून हलता येणार नाही. संध्याकाळी पाहुण्यांनी पेटी उघडली आणि देठाजवळ काळे डाग दिसले, तर पुढच्या वर्षी ते दुसऱ्या कुणाला तरी फोन करतील.

मग ही कल्पना चालते कधी? दिवाळीनंतर डिसेंबरच्या मध्यापर्यंत आणि जानेवारी ते मार्चच्या मधल्या दिवसांत, जेव्हा तुमच्याच वहीत पानंच्या पानं कोरी आहेत. त्या दिवसांत हवा थंड असते आणि माणसाला थांबायला सवड असते. सरळ भाडं सोडून जंगलाचं घेतलं तर वाढीव कमाई काहीच नाही, पण गाडी दारात उभी राहणार होती त्या दिवशी जंगलाचं भाडं मिळालं, तर ती सगळीच कमाई नवीन. फरक इथे आहे.

दर मात्र वेगळा लावा. ९,५०० चा एकच आकडा सांगू नका. गाडीचे आणि दिवसभर थांबण्याचे ६,८०० सांगा. उद्यानाचं शुल्क, आतली गाडी, वाटाड्या आणि जेवण पाहुण्यांनी तिथल्या तिथे स्वतः द्यायचं. कुणाला किती द्यावे लागतील ते आधी लिहून पाठवा, म्हणजे त्यांना फसवल्यासारखं वाटणार नाही. ६,८०० मधून इंधन आणि झीज मिळून ३,२३० चा खर्च गेला की ३,५७० उरतात. दुसऱ्याचे पैसे तुमच्या हातातून जात नाहीत. फाटकावर काही कारणाने प्रवेश मिळाला नाही तर तीन हजार परत करण्याची वेळ तुमच्यावर येत नाही. वाटाड्यालाही त्याची मजुरी थेट आणि पूर्ण मिळते, आणि मला ते आवडतं.

पाहुण्यांना एक गोष्ट आधीच खरी सांगा. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. पण व्याघ्र प्रकल्प हा शब्द ऐकला की लोकांना ताडोबा आठवतो. इथे दाट सदाहरित झाडी आहे आणि वाघ मोजके. वाघ दिसेल असं सांगून भाडं घेतलं तर परतीच्या वाटेवर गाडीत शांतता पसरते आणि पैसे देताना घासाघीस होते. गवा, सांबर, नशिबात असेल तर शेकरू, आणि वारणेवरच्या वसंत सागर जलाशयाचं पाणी, असं सांगा. २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या पश्चिम घाटाचा हा भाग आहे. आपल्या संगमेश्वर तालुक्यातल्या शृंगारपुरातून मान वर करून आपण जो कडा बघतो, त्याच्या माथ्यावरचं हे जंगल. कोकणातून तिथे पायवाटेनेच चढता येतं, गाडीला मात्र आंबा घाटाने मलकापूरवरून वळसा घालून वारणेच्या बाजूने जावं लागतं. असं सांगितलं की कोकणातल्या माणसाला ते आपलंसं वाटतं. मला तरी वाटतं.

आणि त्याच रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची असेल त्या पाहुण्याला जंगलाचं भाडं देऊच नका. गाडी चुकली तर नवीन तिकिटांचा वाद तुमच्या दारात येईल. कोल्हापुरात मुक्काम असेल तरच.

परतवलेल्या ४१ फोनांचं काय? ओळखीतल्या पिवळ्या पाटीच्या दोन गाडीवाल्यांशी बोलून ठेवा. भाडं त्यांना द्या, दहा टक्के तुम्ही घ्या. ५,००० ला ५०० प्रमाणे वर्षाला २०,५००. जंगलाची वीस भाडी मोकळ्या दिवसांत झाली तर ७१,४००. दोन्ही मिळून ९१,९०० रुपये, एकही हप्ता न भरता. वीस होतीलच असं मी म्हणत नाही. आधी पाच करून बघा. पाच झाली, पाहुणे खूष झाले, फोन वाढले, तर पुढच्या दसऱ्याला वही घेऊन परत लिहा. तेव्हा माझं उत्तर बदलूही शकेल.

तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंत की नवी नको असेल तर यजमान पांढऱ्या पाटीची जुनी गाडी स्वस्तात घ्यायला तयार आहेत. याला मात्र मी हात जोडून नाही म्हणते. खासगी नोंदणीच्या गाडीतून भाडं मारताना घाटात काही झालं, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. गाडी जाईल, आणि जखमी पाहुण्यांची भरपाई तुमच्या घरावर येईल. वाचलेले दोन-तीन लाख त्यापुढे काहीच नाहीत.

विम्याचं निघालं म्हणून एर्टिगाची पॉलिसी काढून बघा. मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या गल्लीत छातीएवढं होतं. शेजाऱ्यांची टॅक्सी त्यात बुडाली. पाणी ओसरल्यावर त्यांनी गाळाने भरलेल्या गाडीला किल्ली लावून दोनदा सेल्फ मारला, आणि इंजिनात शिरलेल्या पाण्याने आतले दांडे वाकले. विमा होता, पूर्ण होता. पण सीट आणि वायरिंगचे पैसे मिळाले, इंजिनाचे नाही, कारण इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम त्यांनी घेतलं नव्हतं. गाडी महिनोन्महिने उभी आणि हप्ता चालू. काकूंनी पाटल्या विकल्या तेव्हा मी सोनाराकडे त्यांच्यासोबत गेले होते. म्हणून तुम्हाला सांगते, इंजिनाचं ते कलम घ्या, आणि पुराच्या पाण्यातून निघालेल्या गाडीला मेकॅनिक येईपर्यंत किल्ली लावायची नाही.

घरात कमावणारे यजमान एकटेच आहेत. त्यांच्या नावावर टर्म विमा आहे का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. नसेल तर गाडीच्या आधी तो घ्या. तोवर बँकेत जाऊन २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा आणि ४३६ रुपयांची प्रधानमंत्री जीवन ज्योती, या दोन्ही सरकारी विमा योजनांवर सही करून या. वर्षाला मिळून ४५६ रुपये. पहिलीत अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात, दुसरीत कुठल्याही कारणाने मृत्यू आला तरी २ लाख.

राहिली लेकीची ठेव. ७ टक्क्यांनी तीन वर्षं राहू दिली तर ३,२०,००० चे ३,९४,००० च्या आसपास होतील, ऐन कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी. मध्ये खरोखरच अडचण आली, तर ठेव न मोडता तिच्यावर कर्ज मिळतं, बहुतेक बँकांत ठेवीच्या व्याजापेक्षा एखादा टक्का जास्त दराने. पण पावतीवर नाव बँकेचं आहे की पतसंस्थेचं, ते आजच बघा. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेतल्यासुद्धा, माणशी ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेला ते नसतं. पतसंस्थेची पावती असेल तर मुदत संपताच पैसे बँकेत हलवा.

यजमानांशी बोलताना ठेवीपासून सुरुवात करू नका, त्यांना वाटेल त्यांच्या कष्टावर तुमचा भरवसा नाही. वही उघडून पुढ्यात ठेवा आणि २,२७० आणि २,४८३ हे दोन आकडे त्यांनाच काढू द्या. त्यांनी आंबा घाटात इतकी वर्षं गाडी चालवली आहे. झीज किलोमीटरला तीनच्या ऐवजी साडेतीन धरायला हवी असं ते म्हणाले, तर त्यांचंच बरोबर माना आणि मला कळवा, मी आकडे नव्याने मांडून पाठवते.