१६ वर्षांच्या मुलाला वेगळं क्रेडिट कार्ड काढून द्यावं का?

तुम्ही विचारलंय की मुलगा १६ वर्षांचा आहे, ऑनलाइन खरेदीसाठी सारखं तुमचं कार्ड मागतो, आणि सहली-स्पर्धांसाठी अधूनमधून परगावी जातो. तर त्याच्या नावाचं कार्ड काढावं, की १८ पूर्ण होईपर्यंत थांबावं?

आधी त्याचा फोन बघा. ॲप स्टोअरमध्ये, एखाद्या गेममध्ये, खरेदीच्या ॲपमध्ये तुमचं कार्ड सेव्ह केलेलं आहे का? असेल, तर कार्ड द्यावं का हा प्रश्न कधीच मागे पडलाय. तुम्ही ते देऊन बसलात, तेही तुमच्या पूर्ण लिमिटसकट. त्यापेक्षा त्याच्या नावाचं, छोट्या लिमिटचं वेगळं कार्ड कमी धोक्याचं. म्हणून माझं उत्तर 'द्या' असं आहे, पण एका अटीवर: दर महिन्याचं बिल त्याने वाचायचं आणि त्याचे पैसे त्याच्या खात्यातून जायचे. बिल तुम्हीच परस्पर भरून टाकणार असाल, तर डेबिट किंवा प्रीपेड कार्डावरच थांबा. त्याला क्रेडिट कार्ड मिळूनही उधारी म्हणजे काय ते कळणारच नाही.

या वयात मिळू शकतं ते ॲड-ऑन कार्ड. अल्पवयीन मुलाकडून कर्जवसुली करणं बहुतेक देशांच्या कायद्यात अवघड असतं, त्यामुळे बँक त्याला स्वतंत्र कार्ड देत नाही. तुमच्याच खात्यावर दुसरं कार्ड निघतं, त्यावर नाव त्याचं, पण देणं सगळं तुमचं. त्याने उधळपट्टी केली तरी बँक तुमच्याच दारात येणार, आणि हप्ता चुकला तर डागही तुमच्याच क्रेडिट इतिहासावर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, पडणार. किमान वयाची अट बँकेगणिक वेगळी असते, ती आधी विचारून घ्या.

तेव्हाच आणखी काही गोष्टी विचारा. ॲड-ऑनला वेगळं, कमी लिमिट लावता येतं का? हे जमत नसेल तर त्या बँकेचं कार्ड घेऊच नका. कार्डाचा नंबर वेगळा असतो की तुमचाच? काही बँका दोन्ही कार्डांना एकच नंबर देतात. मग मुलाने पाकीट हरवलं की त्याच्याबरोबर तुमचंही कार्ड ब्लॉक होतं, आणि तुमची वीज, फोन, विम्याची ऑटो-पेमेंट एकामागून एक फेल व्हायला लागतात. परदेशी व्यवहार, एटीएममधून रोख आणि टॅप करून पेमेंट ही तीन बटणं ॲपमधून प्रत्येक कार्डासाठी वेगळी बंद-चालू करता येतात का, हेही बघा. पहिली दोन बंद ठेवूनच कार्ड त्याच्या हातात द्या.

ओटीपी कोणाच्या फोनवर येणार, याकडे फार कमी लोक लक्ष देतात. तो तुमच्या फोनवर आला तर वरवर छान वाटतं, प्रत्येक खर्च कळतो. पण मग होतं असं, की मुलगा ऑनलाइन खरेदी करताना फोन करतो आणि तुम्ही नंबर वाचून दाखवता. ओटीपी फोनवर सांगायचा असतो, ही सवय तुम्हीच त्याला लावता, आणि उद्या बँकेतून बोलतोय असं सांगणाऱ्या भामट्याला नेमकी तीच हवी असते. शक्य असेल तर ओटीपी त्याच्या फोनवर आणि खर्चाचा मेसेज दोघांच्या फोनवर, अशी व्यवस्था करा.

लिमिट किती ठेवायचं? दर महिन्याला त्याच्या खात्यात जेवढे पैसे जमा होतात, तेवढंच. त्याहून एक पैसाही जास्त नको. म्हणजे त्याने सगळं लिमिट संपवलं तरी एका महिन्याच्या पॉकेटमनीत बिल फिटतं आणि थकबाकी पुढे सरकत नाही. अडीअडचणीला असू दे म्हणून जास्तीचं लिमिट ठेवलं, तर ती अडचण म्हणजे नवे बूट असतात. सहलीला जाताना तेवढ्या दिवसांपुरतं लिमिट वाढवा आणि परत आला की उतरवा.

कार्ड काढण्याआधी तीन महिने डेबिट कार्ड वापरायला द्या. या काळात पैसे महिनाअखेरपर्यंत पुरले का, हे दुय्यम आहे. ते कोणाचेच पुरत नाहीत. बघायचं हे, की पैसे संपल्यावर किंवा कुठे फसल्यावर त्याने आपणहून सांगितलं की तुम्हाला स्टेटमेंटमधून कळलं. लपवणारा मुलगा अभ्यासात कितीही हुशार असो, त्याला इतक्यात कार्ड देऊ नका. क्रेडिट कार्डावर लपवलेल्या चुकीला व्याज लागतं.

आता बिल. त्याच्यासमोर कागदावर हे मांडून दाखवा. समजा स्टेटमेंट ५ तारखेला निघतं आणि भरायची मुदत २५ तारीख आहे. ६ जूनला केलेली खरेदी ५ जुलैच्या बिलात येते, पैसे २५ जुलैला भरायचे, म्हणजे ४९ दिवस बिनव्याजी. तीच खरेदी ४ जूनला केली तर फक्त २१ दिवस मिळतात. पण ही सवलत साधारणपणे मागचं बिल पूर्ण भरलेल्यालाच असते. थोडी जरी बाकी ठेवली, तरी बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. मोठ्या माणसांनाही हे माहीत नसतं.

'किमान देय रक्कम', म्हणजे या महिन्यात निदान एवढे तरी भरा असं सांगणारा आकडा, या ओळीवर जरा जास्त वेळ थांबा. २०,००० ची थकबाकी, महिना ३ टक्के व्याज आणि किमान रक्कम ५ टक्के असं धरा. पहिल्या महिन्यात ६०० व्याज चढून बाकी २०,६०० होते. तुम्ही १,०३० भरता, आणि उरतात १९,५७०. म्हणजे हजारावर पैसे देऊन कर्ज ४३० ने उतरलं. नवीन काहीही न घेता वर्षभर असंच भरत राहिलं तर साधारण ११,००० खिशातून जातात आणि बाकी असते १५,४०० च्या आसपास. हे त्याला स्वतः कॅल्क्युलेटरवर करू द्या, बारा ओळींचं काम आहे. तुमच्या कार्डाचा खरा दर स्टेटमेंटवर छापलेला असतो, तो घालून करा.

रोख काढण्याबद्दल एवढंच पुरे, की तिथे बिनव्याजी दिवस नसतात आणि वर शुल्क लागतं. रिफंडचा घोळ मात्र हमखास होतो. वस्तू परत केली, पैसे कार्डावर जमा झाले, म्हणून मुलगा बिल भरत नाही. स्टेटमेंट निघाल्यावर दुकानदाराकडून आलेला रिफंड काही बँका बिलाचा भरणा म्हणून धरत नाहीत. अशा वेळी बिल भरावंच लागतं, रिफंड पुढच्या बिलात वजा होतो.

या वयात पैसे जातात ते मोठ्या खरेदीत नाही. ते जातात 'सात दिवस मोफत' म्हणून सुरू केलेल्या सबस्क्रिप्शनमध्ये आणि गेममधल्या बारीकसारीक खरेदीत. ॲप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं होत नाही. ते ॲप स्टोअरच्या खात्यात जाऊन रद्द करावं लागतं, आणि मोफत मुदत संपायच्या निदान एक दिवस आधी. गेममध्ये जास्त खर्च झाला म्हणून 'हा व्यवहार आमचा नाही' अशी तक्रार बँकेत करू नका. कार्ड तुम्हीच त्याला दिलंय, त्यामुळे ती फसवणूक ठरत नाही, आणि वाद घातल्यावर गेमवाली कंपनी अनेकदा खातंच बंद करते, त्यात आधीची खरेदीही जाते. आधी ॲप स्टोअरकडे रिफंड मागा आणि तो ताबडतोब मागा.

पहिले सहा महिने स्टेटमेंट आलं की दहा मिनिटं एकत्र बसा. एकेक ओळ त्याने वाचायची आणि हे कशाचं ते सांगायचं. काय घेतलं यावर शेरे मारायचे नाहीत, नाहीतर पुढच्या महिन्यात तो बसायचं टाळेल. ओळखू न आलेल्या ओळीवर खूण करायची आणि ती त्याच दिवशी बँकेला कळवायची, कारण तक्रारीला मुदत असते.

आणि बिल त्याच्या आवाक्याबाहेर गेलंच, तर बँकेचे पैसे तुम्ही मुदतीत पूर्ण भरा. त्याला धडा मिळावा म्हणून थकबाकी ठेवली, तर व्याज आणि खराब नोंद तुमच्याच पदरी पडते. मग ती रक्कम त्याच्या पॉकेटमनीतून दोन-तीन हप्त्यांत, ठरलेल्या तारखेला वळती करा, आणि तोवर कार्ड ॲपमधून तात्पुरतं बंद ठेवा. कायमचं रद्द करू नका.

१८ झाल्यावर लगेच मोठ्या लिमिटच्या मागे लागू नका. बऱ्याच बँका मुदत ठेवीच्या तारणावर कार्ड देतात. त्याच्या नावावर छोटी ठेव करून ते घ्या. ॲड-ऑनमुळे त्याचा स्वतःचा क्रेडिट इतिहास तयार होईलच असं नाही, काही देशांत होतो, काही ठिकाणी नाही. ठेवीवरच्या कार्डावर तो साधारणपणे होतो. ते हातात आलं की ॲड-ऑन बंद करा, आणि बंद झाल्याचं बँकेकडून लेखी घ्या.